मारवा, चुकीच्या पाकिटात

फोंड्याला, वरच्या बाजारात, बॅटऱ्यांच्या दुकानावर
बेलमिरोची एक खोली होती.
मंगळवारी दुकानं बंद झाली की
आम्ही जिना चढायचो,
काखेत एकेक तबकडी,
कालच्या वर्तमानपत्रात, बांगड्यासारखी गुंडाळलेली.

नियम त्याचा:
बाजू संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.
खोकला आला तर गॅलरीत.
जो वाहवा म्हणेल
त्याने पुढच्या वेळी भजी आणायची.
पहिले सहा मंगळवार भजी माझीच होती.

बेलमिरो तारवटी.
अठरा वर्षं इंजिनरूममध्ये, आणि बंदराबंदरांतून
त्याने रॉक गोळा केलं होतं.
एका पाकिटावर जळकी खुर्ची,
एकावर बर्फात उभा घोडा,
मागच्या बाजूला केसाळ पोरं, एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही.
मला आधी वाटायचं ही माणसं भांडतायत
आणि मधेच कुणीतरी छपराचे पत्रे उचकटतंय.
मग एका मंगळवारी
गिटार एका सुरावर येऊन थांबलं,
थांबलं म्हणजे थांबलं नाही,
तिथल्या तिथे वाकत राहिलं,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
अरे, ही तर मींड!

सातवी भजी.

मी कोर्टात कारकून. पगारातून घेतलेलं आणायचो:
जौनपुरी, केदार,
आणि बावीस मिनिटांचा एक मारवा
ज्यात षड्ज इतका लांबतो
की कुंदा वेर्लेकर, शाळेत गणित शिकवायची ती,
दर वेळी घड्याळ बघायची.
म्हणायची, तुझा हा माणूस दारापर्यंत येतो,
कडीला हात लावतो,
आणि पुन्हा अंगणात.
बेलमिरो मारवा ऐकताना
चपला काढून ठेवायचा.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चौथा शाणू, खालच्या दुकानातला पोरगा.
तो काही आणायचा नाही.
इथल्या हवेत तबकड्यांना बुरशी धरते,
लोणच्याला धरते तशी,
ती तो रिठ्याच्या पाण्याने पुसायचा,
आणि कुणाचं काय हे न बघता
उन्हाची तिरीप असेल तिथे ओळीने उभं करायचा.

एकदा ऐन तानेत वीज गेली.
गवई हळूहळू खर्जात उतरला,
मग नुसता म्हातारा कुरकुरला, मग गप्प.
बाजू संपली नव्हती,
म्हणून अंधारात कुणी बोलेना.
वीसेक मिनिटं तसेच बसलो.
खाली स्टँडवर कंडक्टर ओरडत होता,
मडगाव मडगाव मडगाव मडगाव
आणि बेलमिरोची बोटं खुर्चीच्या दांडीवर
त्यालाच ठेका देत होती.

मग त्याची मुलगी पोर्तुगीज पासपोर्टवर
स्विंडनला गेली, मागून नातू झाला, मागून हा.
सामान मोजून मापून.
पेरादचा डबा, सोलं, दोन स्वेटर, एक तबकडी.
जळकी खुर्ची नेतो म्हणाला.
बाकीची घोडे, घुबडं, केसाळ पोरं
शाणूला दिली.
निघायच्या घाईत ज्याचं त्याने उचललं.

गणपती झाले, दिवाळी झाली.
एका संध्याकाळी मी मारव्याचं पाकीट उघडलं.
सुई टेकवली,
आणि माझ्या बैठकीच्या खोलीत
कुणीतरी पत्रे उचकटायला लागलं.
बायको आतून धावत आली.
मी बोट ओठांवर ठेवलं.
पूर्ण बाजू ऐकली आम्ही.

फोन येतो त्याचा. गुडघे, नातू,
तिथल्या पावाला चव नाही.
पाकिटाचं तो काढत नाही, मी काढत नाही.
फक्त जूनमध्ये एकदा म्हणाला,
इथे सूर्य साडेनऊला बुडतो रे,
तोवर ताटकळत बसावं लागतं.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.
पायात चपला आहेत का,
एवढंच विचारलं.